पिग्मीची नोंद हाच जामीन मानावा





सांगलीच्या मारुती रोडवर किंवा साताऱ्याच्या राजवाड्यापाशी सायंकाळी थोडा वेळ जो कोणी उभा राहील, त्याला एखाद्या पतसंस्थेचा वा नागरी सहकारी बँकेचा पिग्मी, म्हणजे दैनंदिन ठेव, गोळा करणारा एजंट भाजीवालीपासून भडंगाच्या गाड्यापर्यंत फिरताना आणि कोणाकडून पन्नास, कोणाकडून शंभर रुपये घेऊन पावती देताना दिसेल. हा शिरस्ता इतका अंगवळणी पडला आहे की त्यात दडलेल्या अन्यायाकडे आपले लक्षच जात नाही. जी स्त्री पावसाळ्यात आणि सणासुदीतही सहसा खंड न पाडता आपल्या कमाईचा अंश संस्थेच्या स्वाधीन करीत आली, तीच जेव्हा दिवाळीचा माल भरण्यासाठी किंवा गाडा दुरुस्त करण्यासाठी वीस-पंचवीस हजारांचे कर्ज मागावयास जाते, तेव्हा तिच्यापुढे पगारदार जामीनदारांची आणि स्थावर तारणाची अट ठेवली जाते. आणि फार मेहेरबानी झालीच, तर तिच्याच जमा रकमेच्या तारणावर, म्हणजे वस्तुतः तिचेच पैसे, तिला व्याजाने दिले जातात. त्या जमेपलीकडचे भांडवल तिने कोठून आणावे, याचे उत्तर मंडईत सर्वांना ठाऊक आहे: सकाळी सावकाराकडून नऊशे हाती घ्यावेत आणि दिवे लागताना हजार परत करावेत.

माझे म्हणणे एवढेच आहे की, सलग वर्षभराची दैनंदिन ठेवीची नोंद हाच पतयोग्यतेचा पुरेसा दाखला मानून सातारा-सांगलीच्या नागरी बँकांनी व पतसंस्थांनी अशा ठेवीदारांस विनातारण, विनाजामीनदार खेळते भांडवल द्यावे, आणि त्याची वसुली मासिक हप्त्याने न करता त्याच एजंटामार्फत रोजच्या रोज करावी. रोज शंभर रुपये टाकणारा मनुष्य तीनशे दिवसांत तीस हजार रुपये बाजूला काढू शकतो, हे संस्थेच्या दप्तरात तिच्याच कारकुनाच्या हाताने नोंदलेले आहे. पगाराच्या दाखल्याने याहून अधिक काय सिद्ध होते?

पिग्मीचा मूळ हेतूही येथे आठवणे युक्त होईल. ही योजना १९२८ साली उडुपीच्या ज्या बँकेने काढली, आणि जी पुढे सिंडिकेट बँक म्हणून प्रसिद्धीस आली, तिची स्थापनाच त्याआधी तीन वर्षे, हातमागाचा धंदा खालावल्यामुळे हवालदिल झालेल्या विणकरांना भांडवल मिळावे म्हणून झाली होती. रोजचे दोन आणे गोळा करणे हा त्या कार्याचा एक भाग होता. आपण त्यातील गोळा करण्याचे अंग तेवढे उचलले आणि देण्याचे अंग विसरलो.

आपल्या दोन्ही शहरांना स्वतःच्या बँकांची परंपरा नव्हती असेही नाही. सांगली बँक १९१६ सालची आणि साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ सालची. पैकी साताऱ्याची बँक २००६ साली आयडीबीआयमध्ये आणि सांगलीची २००७ साली आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली, आणि गावातल्या माणसाला पाहून कर्जाचा निर्णय घेणारी ही दोन घरची दप्तरे वर्षाच्या आतबाहेर बाहेरगावच्या मुख्यालयांकडे गेली. ती पोकळी भरून काढण्याची जबाबदारी नागरी सहकारी बँकांवर येते. परंतु लहान कर्जाची व्याख्या आज कोठे जाऊन पोहोचली आहे पाहा: नागरी बँकांनी निम्मी कर्जे लहान रकमेची ठेवावीत असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, आणि त्या दंडकात पंचवीस लाखांचे कर्जही लहान ठरते. पंचवीस हजार मागणारी व्यक्ती या हिशेबात कोठेच दिसत नाही.

याउलट सातारा जिल्ह्याच्याच दुष्काळी माण तालुक्यात काय घडले, ते सर्वश्रुत असूनही पुनः सांगणे अवश्य वाटते. लोहारकाम करणाऱ्या एका स्त्रीस पावसाळ्यापूर्वी निवाऱ्यावर घालण्याचे प्लास्टिक घेण्यासाठी पैसे साठवावयाचे होते, आणि इतक्या अल्प रकमेचे खाते उघडण्यास बँक तयार होईना. तेव्हा समाजकार्यकर्त्या श्रीमती चेतना सिन्हा यांनी त्याच तालुक्यातील म्हसवडच्या स्त्रियांना संघटित करून त्यांची स्वतःची बँक काढण्याचा अर्ज रिझर्व्ह बँकेकडे केला. प्रवर्तक स्त्रियांनी सहीच्या जागी अंगठे उठविले होते, सबब अर्ज नामंजूर झाला. त्या स्त्रिया खचल्या नाहीत. त्यांनी अक्षरे गिरविली, पुनः रिझर्व्ह बँक गाठली आणि अधिकाऱ्यांना सांगितले की, कोणत्याही मुद्दलावरील व्याज विचारा, आम्ही ते तोंडी सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेस परवाना मिळाला. मजुरी बुडवून शाखेपर्यंत येणे स्त्रियांना परवडत नाही हे ओळखून तिने व्यवहार त्यांच्या दारी नेला. आणि नुसत्या कर्जाने धंदा उभा राहत नाही हेही ओळखून २००६ पासून हिशेब, खरेदी-विक्री व व्यवसायाची आखणी शिकविणारी शाळा माणदेशी संस्थेने चालविली, जी पुढे बसमध्ये बसून गावोगाव फिरू लागली. म्हसवडला जे साधले ते सांगली-साताऱ्याच्या सुस्थित बँकांना का साधू नये, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

बुडीत कर्जाची धास्ती हे उत्तर वारंवार दिले जाते. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना २०२० साली रद्द झाल्यापासून आपल्या भागातील ठेवीदार धास्तावलेला आहे, आणि मी स्वतः ठेवीदार असल्याने ती भीती पोकळ मानीत नाही. परंतु २०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक अडचणीत आली, ती कर्जाचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्यामुळे, हे विसरता कामा नये. पंचवीस लाख एकाला देण्यापेक्षा तेच शंभर जणांत वाटणे, आणि ज्यांच्या दाराशी आपला माणूस रोज जातो अशा शंभर जणांत वाटणे, हे ठेवीदाराच्या दृष्टीनेही अधिक सुरक्षित आहे. विनातारण कर्जावर मर्यादा असली तरी बंदी नाही.

पथविक्रेत्यांसाठी सरकारची पीएम स्वनिधी कर्जयोजना आहेच, असाही युक्तिवाद होतो. २०२० साली दहा हजारांपासून सुरू झालेली आणि २०२५ पासून पहिले कर्ज पंधरा हजारांचे करणारी ही योजना उपकारक आहे, यात संशय नाही. तथापि रोज कमावणाऱ्याला महिन्याचा हप्ता गैरसोयीचाच पडतो. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांत शिरले तशा प्रसंगी, कोणाचा किती माल वाहून गेला आणि कोणास किती दिवसांची सवलत द्यावी, हे रोज त्या गल्लीत फिरणाऱ्यालाच कळते.

येथे पालिकांनाही एक विनंती आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोडच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी त्यांना प्रथम हक्काची जागा दिली. पथविक्रेत्यासही तीच प्रथम हवी असते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, अशी तरतूद केली आहे. सातारा नगरपालिकेने आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने या समित्यांच्या बैठका नियमित घ्याव्यात व विक्री प्रमाणपत्रे विनाविलंब द्यावीत. आज जागेवरून उठविला जाणारा माणूस उद्याचा हप्ता कसा भरणार?

सहकारी बँकांचे मालक सभासद आहेत, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारण्याचा त्यांना हक्क आहे. म्हणून माझी वाचकांस कळकळीची विनंती आहे की, येत्या सभेत लाभांशाची टक्केवारी विचारून झाल्यावर प्रत्येकाने संचालक मंडळास आणखी एक प्रश्न लेखी विचारावा: आपल्या संस्थेत दैनंदिन ठेव ठेवणारे किती, आणि त्यांपैकी कितीजणांना गतवर्षी विनातारण कर्ज मिळाले? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.

आपला,
एक ठेवीदार सभासद, सातारा