ध्वनिलहरींचे उपचार: यंत्र निवडण्याआधी आजार ओळखा

काही महिन्यांपूर्वी ५२ वर्षांचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. लैंगिक ताठरता कमी झाली म्हणून त्यांनी एका क्लिनिकमध्ये 'शॉकवेव्ह'चं सहा सिटिंगचं पॅकेज घेतलं होतं, निम्मे पैसेही भरले होते. "डॉक्टर, ऑपरेशन नाही, इंजेक्शन नाही, मग घ्यायला हरकत काय?" मी विचारलं, "शुगर शेवटची कधी तपासलीत?" ते बराच वेळ आठवत राहिले.

ध्वनिलहरी म्हटलं की आपल्याला सोनोग्राफी आठवते आणि 'हे निर्धोक' असं मनात पक्कं होतं. पण सोनोग्राफीच्या लहरी फक्त चित्र दाखवतात. उपचारातल्या लहरी शरीरात काहीतरी घडवण्यासाठीच सोडलेल्या असतात. म्हणून 'ध्वनिलहरी घेऊ का?' हा प्रश्नच अपुरा आहे. माझ्या आजारात या लहरीने नेमकं काय करायचं आहे, ते विचारा.

शॉकवेव्ह म्हणजे दाबाचे ठोके. १९८० साली जर्मनीत म्युनिकला पहिल्यांदा रुग्णाचा मूतखडा अशा ठोक्यांनी बाहेरूनच फोडला गेला. त्यापेक्षा कमी ताकदीचे ठोके आज टाचदुखीसाठी वापरतात. सकाळी पहिलं पाऊल टेकताच कळ येते ना, ती टाचदुखी. मी स्वतः त्यासाठी रुग्ण पाठवतो, पण पोटरीचे ताण-व्यायाम, मऊ चपला आणि वजनाकडे लक्ष देऊन सहा महिने झाले तरी दुखणं हटत नसेल तरच. बहुतेकांना तोवर आराम पडलेला असतो. खांद्याच्या स्नायूबंधात कॅल्शियम साठलं असेल तरी उपयोग होतो. मात्र यंत्र कोणतं, हे विचारा. 'रेडियल' यंत्राचा जोर त्वचेजवळच जास्त असतो, 'फोकस्ड' यंत्राच्या लहरी खोलवर एका जागी एकवटतात. नाव दोन्हींचं शॉकवेव्हच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल किंवा त्या जागी गाठ असेल, तर आधी सांगा.

चेहऱ्यासाठीचं 'हायफू' वेगळं. भिंगाने ऊन एका बिंदूवर धरावं, तशा त्यात लहरी त्वचेखाली काही मिलिमीटरवर एकवटून तिथली ऊती तापवतात. मग नवं कोलॅजन तयार होतं आणि त्वचा थोडी आवळते. या 'थोडी'वर माझा भर आहे. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे मुलीच्या लग्नाला आठ दिवस उरले असताना धावत जाण्यात अर्थ नाही. फार लोंबलेल्या त्वचेवर त्याचा प्रभाव जेमतेमच. चुकीच्या हातात भाजणं, मज्जातंतूला इजा होणं असे प्रकारही घडतात. तेव्हा त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जा, ब्यूटी पार्लरमध्ये नको.

पोटाची चरबी लहरींनी 'वितळवण्या'बद्दल मी थोडा कडवट आहे, हे कबूल करतो. घेर थोडा कमी होतो, तोही त्वचेखालच्या चरबीचा. मधुमेह आणि हृदयविकाराशी जिचं जास्त नातं आहे, ती आतड्यांभोवतीची चरबी तशीच राहते. कपडे सैल झाले म्हणून मनुष्य निर्धास्त होतो, ते मला जास्त घातक वाटतं.

आता त्या गृहस्थांकडे येतो. ताठरतेसाठी शॉकवेव्हवर अभ्यास चालू आहेत, काहींना फायदाही दिसला आहे, पण अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तिला प्रायोगिक उपचारच मानलं. माझी काळजी मात्र वेगळीच होती. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून अडथळ्याची पहिली खूण कधीकधी तिथे दिसते आणि छातीत दुखणं त्यानंतर काही वर्षांनी सुरू होतं. तपासण्या केल्या. तीन महिन्यांची सरासरी शुगर ८.९, रक्तदाब १५०/९६, आणि रोज दहा सिगारेटी. पॅकेज देणाऱ्याने यातलं काहीच विचारलं नव्हतं.

हृदयाची तपासणी झाली, शुगर-रक्तदाबाची औषधं सुरू झाली. नायट्रेटच्या गोळ्या चालू नाहीत याची खात्री करून ताठरतेसाठी साधी गोळीही दिली. सिगारेट अजून दोनवर अडकली आहे. उरलेली सिटिंग त्यांनी घेतली नाहीत, आणि भरलेले पैसे अजून परत मिळालेले नाहीत.