चोर रस्त्यावरचा आणि पेढीवरचा

एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या गल्लीबोळांतले जुगारी, भामटे आणि गुत्तेवाले यांच्या हकिगती आमचा सुशिक्षित वाचक मोठ्या आवडीने वाचतो. पण माणसावर गुन्हेगारीचा शिक्का कसा बसतो, हे पाहावयाचे असेल तर मुंबईचा धक्का सोडून, धरमतरच्या खाडीने, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील पेण-रोह्याकडे वळले पाहिजे.

पेणची मिठागरे, रोह्याची राने आणि खाडीकाठचे माड-ताड यांवर तेथील गरिबाचे पोट चाले. १८७८ चा आबकारी कायदा आला आणि परवान्यावाचून ताडी काढणारा भंडारी गुन्हेगार ठरला. त्याच वर्षीच्या जंगल कायद्याने राखीव रानात खैर तोडून कात पाडणारा कातकरी चोर ठरला. त्याच सुमारास मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवर गेला आणि आगराच्या बांधावरून ओंजळभर मीठ उचलणेही अपराध झाले. माणसे कालचीच, धंदाही कालचाच; बदलला तो कायदा! पोट तुटलेला मनुष्य शहराची वाट धरतो आणि तेथे पदपथावर दिसला की आम्ही पांढरपेशे त्यालाच बदमाश म्हणून मोकळे होतो.

त्या काळी खरे दरोडेखोर नव्हतेच, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे इतकेच की, राज्ययंत्रणेचा डोळा गरिबाच्या मडक्यावर आणि गोणीवर खिळला, म्हणजे हिशेबाच्या वह्या पाहावयास कोणी उरत नाही. याची प्रचीती याच पेणने पुढे घेतली. २०१० साली पेण अर्बन बँक कोसळली, बनावट कर्जखात्यांचा घोटाळा उघडकीस आला आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली. ही लूट घाटात कोयता दाखवून कोणी केली नव्हती. ती पंख्याखाली, शाईने आणि सहीशिक्क्यानिशी झाली. ठेवीदार मात्र वर्षानुवर्षे हेलपाटे घालीत राहिले.

तेव्हा रस्त्यावरच्या फाटक्या माणसाकडे संशयाने पाहण्याची जुनी खोड आता सोडावी. शासनाने सहकारी बँकांची तपासणी वेळेवर व निर्भीडपणे करावी. आणि सभासदांनीही वार्षिक सभेत चहा पिऊन परतण्याऐवजी ताळेबंद हाती घेऊन प्रश्न विचारावेत. चोर ओळखण्याची पहिली जागा तीच आहे.