आधी सोबत कोण, मग केबिन!

सध्या ऑफिसात लंच टाइमला एकच टॉपिक... लाँग वीकएन्डला कुठे? लोणावळा झालं, अलिबाग झालं, गोवा तर इतक्या वेळा झालं की तिथला शॅकवाला नावाने हाक मारतो. मग कुणीतरी मोबाइल पुढे करतं. निळाशार समुद्र, पांढरंशुभ्र जहाज, वर स्विमिंग पूल आणि खाली ठळक अक्षरांत ‘ऑल इन्क्लुझिव्ह’! बस्स. पाच मिनिटांत ग्रुप तयार होतो, दहा मिनिटांत ग्रुपचं नाव ठरतं आणि पुढचे दोन आठवडे एकाच मुद्द्यावर भांडण चालतं. केबिन कुठली घ्यायची? इनसाइड, सी-व्ह्यू की बाल्कनी?

आमचं म्हणणं सोप्पं आहे. हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न आहे, सोबत कोण येतंय? त्याचं उत्तर मिळालं की केबिन, जेवण आणि वरचा खर्च हे सगळं आपोआप जागेवर बसतं.

आजोबांचा डेक, आपला डेक

मुंबई-गोवा बोट ही काही आपल्या पिढीची आयडिया नाही बरं का! ऐंशीच्या दशकापर्यंत भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या किनाऱ्याने बोटी सुटायच्या. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं घरातल्या मोठ्यांसमोर काढून बघा, गप्पा संपायच्या नाहीत. तेव्हा डेकचं तिकीट म्हणजे सगळ्यात स्वस्त तिकीट. वळकटी पसरायची, डबा उघडायचा आणि बंदर येईपर्यंत झोप काढायची. आज उलटा हिशोब आहे. जितका वरचा डेक, तितका खिशाला चटका.

हौशीची क्रूझ मुंबईत आली ती नंतर. २००५ साली स्टार क्रूझेसचं ‘सुपरस्टार लिब्रा’ इथून लक्षद्वीप आणि गोव्याला जायला लागलं. २०१९ मध्ये ‘कर्णिका’ आली, पण २०२० मध्ये कंपनीचा कारभार गुंडाळला गेला आणि जहाज अलंगला भंगारात गेलं. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघू लागलं. तुमच्या ग्रुपमध्ये फिरणारा फोटो बहुतेक याच जहाजाचा असतो.

या एम्प्रेसची जन्मकुंडली इंटरेस्टिंग आहे. १९९० मध्ये फ्रान्समधल्या सेंट-नझेर इथे ते बांधलं गेलं. लांबी साधारण २११ मीटर. तेव्हाचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ आणि काम काय, तर मायामीहून बहामाला तीन-चार रात्रींच्या छोट्या ट्रिपा मारणं! म्हणजे वीकएन्डवाल्यांसाठीच जन्मलेलं जहाज. आता यातला कामाचा मुद्दा. त्या काळात प्रत्येक खोलीला बाल्कनी द्यायची फॅशन नव्हती. त्यामुळे या जहाजावर बाल्कनीवाल्या खोल्या मोजक्याच आहेत. तुमचं मन बाल्कनीवरच बसलं असेल, तर शेवटच्या आठवड्यातली ‘धमाका ऑफर’ विसरा. लवकर बुक करा.

तीन ग्रुप, तीन केबिन

पहिला ग्रुप, आपली गँग. चार मित्र, दोन रात्री, झोप जेमतेम पाच तास. बॉस, तुम्हाला खिडकी कशाला हवी? सरळ इनसाइड घ्या. खोली लहान असते आणि दिवा बंद केला की मध्यरात्र आणि सकाळचे अकरा यांत काही फरक कळत नाही. रात्रभर नाचून आलेल्यांसाठी यापेक्षा चांगली सोय नाही! बहुतेक जहाजांवर तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं कमी असतं, पण त्यांचा पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली येतो. वर कोण झोपणार, हे घरीच ठरवा. आणि मोठ्या सुटकेसऐवजी सॅक आणा, नाहीतर बॅगा खोलीत आणि तुम्ही पॅसेजमध्ये.

दुसरा ग्रुप, नवरा-बायको किंवा होऊ घातलेले. बाल्कनीत दोघंच, हातात कॉफी... फोटो सॉलिड येतो, मान्य. पण दोन रात्रींच्या ट्रिपमध्ये तुम्ही त्या बाल्कनीत बसणार किती वेळ? चेक-इन, शो, जेवण, गोवा, परत शो आणि तिसऱ्या सकाळी बॅग भरायची. मिळाले तर दोन-तीन तास. त्या दोन-तीन तासांनी फरकाच्या पैशाला भागून बघा, आकडा तुम्हीच ठरवा. चार-पाच रात्रींची लक्षद्वीप ट्रिप असेल तर मात्र गणित बदलतं. अख्खा दिवस समुद्रात जातो, तेव्हा आपल्या दारात समुद्र असणं वसूल होतं.

तिसरा ग्रुप, आई-बाबा. आणि खरं सांगायचं तर हा कॉलम मुख्यतः यांच्यासाठीच आहे. पहिलं मोठं इन्क्रिमेंट झालं की आपल्यापैकी कित्येकांना वाटतं, दोघांना एकदा मस्त कुठेतरी न्यावं. आपण विचारतो, ‘‘आई, खिडकीची खोली घेऊ का गं?’’ उत्तर ठरलेलं. ‘‘आम्हाला काय रे, कुठेही चालेल. उगाच पैसे घालवू नकोस.’’ बाबा तर किंमत बघून चष्माच काढून ठेवतात. त्यांना रेट-कार्ड दाखवलंत तर ते शंभर टक्के इनसाइड म्हणणार.

दाखवूच नका! पैसे वाचवायचे तर आपल्या खोलीत वाचवा, त्यांच्या खोलीत नको. ते रात्री साडेनऊला झोपणार आणि पहाटे पाचला उठणार. बिनखिडकीच्या खोलीत पाचला उठून करायचं काय? त्यांना खिडकी हवीच. तीही मधल्या भागात आणि खालच्या डेकवर. कारण जहाज झुल्यासारखं हलतं. टोकाला आणि वरच्या मजल्यावर ते जास्त जाणवतं, मध्ये आणि खाली कमी. लिफ्ट जवळ हवी, पण अगदी दाराला लागून नको, नाहीतर रात्रभर ‘टिंग’ ऐकावं लागेल. डोक्यावरच्या मजल्यावर डिस्को नाही ना, तेही डेक-प्लॅन उघडून बघा. खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असेल तर सी-व्ह्यूचा लाइफबोट-व्ह्यू होतो. म्हणून ‘व्ह्यू पूर्ण मोकळा आहे का?’ हे शब्द वापरूनच विचारा.

कधीकधी स्वस्तात ‘गॅरंटी केबिन’ मिळते. म्हणजे प्रकार ठरलेला, पण खोलीचा नंबर कंपनी देणार. गँगसाठी बेस्ट. आई-बाबांसाठी अजिबात नको.

‘ऑल’ म्हणजे नक्की किती?

जाहिरातीतला आकडा एका खोलीत दोघं राहणार असं धरून असतो. एकट्याने गेलात तर जवळपास दोघांचं भाडं मोजायची तयारी ठेवा. त्यावर पोर्ट चार्जेस, सर्व्हिस चार्ज किंवा ग्रॅच्युइटी आणि टॅक्स. एजंट जेव्हा म्हणतो, ‘‘सर, सगळं इन्क्लुडेड आहे,’’ तेव्हा शांतपणे म्हणा, ‘‘छान! मग फायनल आकडा मेल करा.’’ तुलना करायची ती त्याच आकड्याची.

ग्रॅच्युइटीवरून कटकट करण्याआधी एक लक्षात घ्या. जगभरच्या क्रूझवर मुंबई-गोव्याची कितीतरी मुलं राबतात. गोव्यात तर दर्यावर नोकरी करणाऱ्यांना ‘तारवटी’ असा खास शब्दच आहे. महिनोन्‌महिने घरापासून लांब राहून तुमची चादर बदलणारा कदाचित वास्कोचाच निघेल.

जहाजावर खिशातून नोटा काढायच्या नसतात. खोलीचं कार्ड दाखवलं की खर्च खात्यावर चढतो आणि शेवटी बिल हातात पडतं. खरी गंमत तिथेच! खोली, ठरलेली जेवणं, पूल आणि काही शो भाड्यात धरलेले असतात. दारू, स्पेशल रेस्टॉरंट, स्पा, वाय-फाय, किनाऱ्यावरच्या टूर आणि कसिनो यांचे पैसे वेगळे. कार्ड पुढे करताना काही वाटत नाही, कारण हातातून नोट जात नाही ना!

आता पुन्हा आई-बाबांकडे. कॉफीचे पैसे पडतात असं एकदा कळलं की आई म्हणणार, ‘‘मला नकोच होती.’’ शोचं तिकीट आहे कळलं की बाबांना अचानक झोप येणार. त्यांच्यासाठी जे घ्यायचं ते बुकिंगच्या वेळीच घेऊन टाका आणि सांगा, ‘‘आपल्या पॅकेजमध्येच आहे.’’ खोटं नाहीच ते. पॅकेज तुम्हीच तर बनवलंय! स्वतःसाठी मात्र उलटा नियम. ड्रिंक्स पॅकेज घ्यायच्या आधी आपण खरंच किती पितो ते प्रामाणिकपणे मोजा.

ताटात काय?

बुफे आणि बसून जेवायचं मोठं डायनिंग रूम, ही दोन ठिकाणं बहुतेक सगळीकडे भाड्यात येतात. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर व्हेजवाल्यांनी चिंता करू नये, पण जैन जेवण किंवा काही पथ्य असेल तर बुकिंगलाच लिहून द्या. ऐनवेळी वेटरला सांगून स्वयंपाकघर बदलत नाही. जेवणाच्या दोन पाळ्या असतील तर घरच्या मोठ्यांसाठी पहिली घ्या. त्यांना साडेनऊला जेवायला बसवलंत तर चार डेझर्ट समोर ठेवूनही चेहरे उतरलेलेच राहतील. पैसे भरून खायचं स्पेशल रेस्टॉरंट एकाच रात्रीसाठी, तेही सगळ्यांनी मिळून. आणि हो, बाहेरचं खाणं नेण्याबद्दलचे नियम वाचल्याशिवाय चिवड्याचा डबा भरू नका.

बोट लागली, पुढे काय?

गोव्यात जहाज मुरगाव बंदरात लागतं, म्हणजे वास्कोला. इथेच अनेकांचा पोपट होतो. बागा-कळंगुट तिथून चाळीसेक किलोमीटर. हातात पाच-सहा तास असतील तर त्यातले तीन टॅक्सीत जातील. त्यापेक्षा जवळचा बोगमाळोचा किनारा, नौदलाचं विमान संग्रहालय किंवा पणजीत निवांत मासे-भात. जहाज सुटण्याआधी परत चढायची वेळ ठरलेली असते आणि ते कुणासाठी थांबत नाही. गोवा दर महिन्याला करत असाल तर सगळे उतरल्यावर रिकाम्या झालेल्या पूलमध्ये तुम्ही राजे!

लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. समुद्र खवळलेला असेल तर उतरणं रद्दही होऊ शकतं. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर बोटीत चढ-उतार कशी असते ते आधी विचारा. तिथे जायला आपल्यालाही परवाना लागतो, तो कोण काढणार तेही नक्की करा. आणि बंगाराम बेट सोडलं तर लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे, गँगने नोंद घ्यावी!

निघण्याआधी...

* पावसाळ्यात अरबी समुद्राच्या नादी लागू नका. ऑक्टोबर ते मे बरा.
* मुंबई-गोवा फेरीला पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्र पुरतं. परदेशी बंदर असेल तर पासपोर्ट-व्हिसा तपासा.
* बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्या. डेकवर उभं राहून लांब क्षितिजाकडे बघा. आलेपाकाची वडी खिशात असू द्या.
* किनारा दिसेनासा झाला की फोन फ्लाइट मोडवर! जहाजाचं नेटवर्क पकडलं तर रोमिंगचं बिल क्रूझपेक्षा जास्त आठवणीत राहील.
* सेफ्टी ड्रिल बुडवू नका. २०१२ च्या कोस्टा कॉन्कॉर्डिया अपघातानंतर नियम कडक झालेत. ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावंच लागतं.
* रद्द केलं तर किती पैसे परत, हे लेखी घ्या. कर्णिकाची गोष्ट आठवतेय ना?

राहता राहिली केबिन. ती आता कठीण नाही. रात्री साडेनऊला झोपणाऱ्यांना खिडकी, पहाटे पाचला झोपणाऱ्यांना भिंत. तेवढं जमलं की बुक करा आणि ‘‘कितीला पडलं रे?’’ या प्रश्नाला फक्त हसा!