दुसरा नंबर

मी शनिवार-रविवारी गाड्या बनवतो. खऱ्या नाही, १:२४ च्या. म्हणजे खरी गाडी चोवीस पटींनी लहान केली तर जेवढी होईल तेवढी. बायको त्यांना "खेळणी" म्हणते, सासूबाई पाहुण्यांसमोर "त्याचं ते कलेचं काम" म्हणतात. खरं काय ते दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असावं.

माझी आजवरची सगळ्यात लाडकी गाडी म्हणजे मुंबईची काळीपिवळी. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. मी दादरला वाढलेला माणूस. आजारपण, परीक्षा, लग्नाची खरेदी, सगळं त्या टॅक्सीतून झालेलं. म्हटलं, आता ही आपण करायचीच. किट काही मला मिळालं नाही. मग पांढऱ्या प्लॅस्टिकच्या शीट कापून, चिकटवून, पुट्टी भरून, घासून आठ महिन्यांत जेमतेम सोळा सेंटिमीटरची टॅक्सी उभी केली. काळं अंग, पिवळा टप, वर सामानाचं कॅरियर आणि बाहेरच्या बाजूला तो जुना मीटर. मीटरचं पातं तांब्याच्या तारेचं. आठ महिन्यांतले दोन रविवार त्या पात्यालाच गेले.

त्या वर्षीच्या थंडीत पुण्यातल्या एका छोट्या स्पर्धेत ती मांडली. शाळेचा हॉल, लांब टेबलावर पांढरा कागद आणि त्यावर अकरा गाड्या. माझा एक मित्रही होता (या छंदात मला ओढणारा तोच). त्याने तमियाच्या किटमधून केलेली निसान स्कायलाइन आणली होती, गडद निळी.

निकाल लागला. त्याचा पहिला नंबर, माझा दुसरा.

आता खरं सांगतो. मी हसून "अभिनंदन रे" म्हटलं, आणि रिक्षात बसल्यापासून घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात परीक्षकांचा उद्धार केला. त्याने डबा उघडला आणि तयार भाग जोडले. मी गाडी शून्यातून उभी केली. मग माझा दुसरा कसा? विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "निकाल अंतिम आहे." पुढे वर्षभर मी त्या मित्राला धड फोनही केला नाही. म्हणजे वय वर्षं अडतीस, घरी गृहकर्जाचे हप्ते, हाताखाली दहा जणांची टीम, आणि मी सोळा सेंटिमीटरच्या टॅक्सीवरून अबोला धरून बसलो होतो. :-)

या वर्षभरात मी जरा वाचलं. माझ्याआधी या छंदात लोक एकमेकांवर कसे आणि कशावरून रुसले असतील, हे बघावं म्हणून. तेव्हा एक जुनी गोष्ट सापडली.

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या विभागाने १९३० मध्ये मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली. नाव, फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड. वय बारापासून साधारण विशीपर्यंत. बक्षीस काय, तर पहिल्याच वर्षी पाच-पाच हजार डॉलरच्या चार शिष्यवृत्त्या! जागतिक मंदी नुकतीच सुरू झालेली, घराघरात नोकऱ्या जात होत्या, आणि इथे एक लाकडी मॉडेल बनवलं तर कॉलेजचं सगळं शिक्षण सुटणार. मुलं जीव तोडून कामाला लागली तर नवल काय?

सुरुवातीला बनवायचं काय होतं? गाडी नाही, बग्गी. नेपोलियनच्या काळातली नक्षीदार राजेशाही बग्गी, जी फिशर बॉडीच्या बोधचिन्हात होती. (म्हणजे देशभरातली मुलं महिनोन्महिने खपून कंपनीची जाहिरातच घडवत होती. मार्केटिंगवाल्यांना दंडवत.) १९३७ पासून दुसरा पर्याय आला. स्वतःच्या कल्पनेतली मोटार डिझाइन करायची आणि १:१२ मध्ये बनवायची. पुढे बग्गी मागे पडली, मोटारीच उरल्या. १९६८ मध्ये स्पर्धा बंद झाली.

या स्पर्धेने माणसं घडवली, हे मान्यच करायला हवं. चक जॉर्डन हा एमआयटीचा विद्यार्थी १९४७ मध्ये इथे देशात पहिला आला. १९४९ मध्ये जनरल मोटर्समध्ये लागला आणि १९८६ ते १९९२ त्याच कंपनीच्या डिझाइन विभागाचा प्रमुख होता. इतरही काही स्पर्धक पुढे तिथेच डिझायनर झाले. चुरस माणसाला कुठवर नेते, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. आणि अन्यायाचंही. मुलींना या स्पर्धेत प्रवेशच नव्हता. अडतीस वर्षं देशातले उत्तम कारागीर शोधले, आणि त्यासाठी निम्म्या मुलांना आधीच दाराबाहेर ठेवलं.

पण मला अडकवून ठेवलं ते बग्गी आणि मोटार यांतल्या फरकाने. बग्गी करणाऱ्या प्रत्येक मुलाकडे तोच आराखडा होता. हरलेला मुलगा आपली बग्गी आराखड्याशेजारी ठेवून बघू शकत होता, की चाक इथे जाड झालंय, नक्षी तिथे बोथट झालीय. तो शेजारच्या मुलाशी स्पर्धा करत होता हे खरं, पण त्याआधी तो आराखड्याशी झुंजत होता. मोटारीचं तसं नाही. मोटार प्रत्येकाच्या डोक्यातली. तिथे डिझाइनलाही गुण, कारागिरीलाही गुण. आपण का हरलो हे कुणी सांगितलं नाही, तर एकट्याला कळणं अवघड.

आणि 'गिल्ड' हा शब्द बघा. युरोपात जुन्या काळी कारागिरांचे संघ असायचे. शिकून तयार झालेला माणूस आपली एक उत्तम वस्तू संघापुढे ठेवायचा. ती पुरेशी चांगली असेल तर त्याला उस्तादांच्या पंक्तीत घ्यायचे. इंग्रजीतला 'मास्टरपीस' हा शब्द तिथूनच आला. म्हणजे ती वस्तू शेजाऱ्याच्या वस्तूपेक्षा सरस आहे का हा प्रश्न नव्हता. ती ठरलेल्या दर्जाला उतरते का, हा होता. कंपनीने नाव संघाचं घेतलं, पण पद्धत शर्यतीची ठेवली.

हाच वाद आजही प्लॅस्टिक मॉडेलवाल्यांच्या जगात चालू आहे. आयपीएमएस नावाची त्यांची मोठी संघटना १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली, पाठोपाठ अमेरिकेत गेली, आणि आता तिच्या शाखा अनेक देशांत आहेत. अमेरिकेतल्या आयपीएमएसची नेहमीची रीत म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा. त्याउलट रणगाड्यांची मॉडेल्स करणाऱ्यांची अ‍ॅम्प्स नावाची संस्था खुल्या पद्धतीने पदकं देते. प्रत्येक मॉडेल ठरलेल्या कसोटीवर तपासायचं. सुवर्णाच्या दर्जाची पाच निघाली तर पाचांना सुवर्ण, एकही नसेल तर कुणालाच नाही. या दोन पद्धतींवरून लोक इतक्या हिरिरीने भांडतात की आपल्याकडची गणपतीची वर्गणी फिकी पडावी.

माझं मत आता ठरलंय. मी खुल्या पद्धतीच्या बाजूचा. कारण सांगतो.

"दुसरा नंबर" हे वाक्य माझ्या टॅक्सीबद्दल काहीच सांगत नाही. ते त्या दिवशी त्या टेबलावर आणखी कोण होतं, एवढंच सांगतं. मित्राला त्या दिवशी ताप आला असता तर माझा पहिला आला असता. टॅक्सी तीच, पुट्टी तीच, चुकाही त्याच. आणि टेबलावर जगातले दहा उस्ताद असते तर माझा अकरावा आला असता, तरी टॅक्सी तीच.

शिवाय नंबर आले की लोक गाडी सोडून नंबराच्या मागे लागतात. कुठल्या गटात गर्दी कमी आहे ते बघून तिथे मॉडेल घुसवणं, एकच जिंकलेलं मॉडेल गावोगाव फिरवणं, रंगाची युक्ती कुणाला न सांगणं. यातलं शेवटचं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण हा छंद एकमेकांना सांगण्यावरच जगतो. रंगाचंच घ्या. रंगाचा थर शंभर मायक्रॉनचा झाला, तर १:२४ च्या हिशोबाने खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर जाड रंग फासल्यासारखं होतं! दाराच्या फटी बुजतात, कडा गोल होतात. थर पातळ कसा ठेवायचा हे पुस्तकात वाचून येत नाही, कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं. आणि मला ते दाखवलं होतं त्याच मित्राने.

तुम्ही आयटीत असाल तर एव्हाना तुम्हाला बेल कर्व्ह आठवला असेल. मलाही. माझ्या एका जुन्या कंपनीत सात जणांच्या टीममधून एकाला दरवर्षी खालची श्रेणी द्यावीच लागायची, सातही जणांनी जीव तोडून काम केलं असलं तरी. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्श यांनी ही २०-७०-१० ची वाटणी गाजवली, मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये आपल्याकडची अशी पद्धत मोडीत काढली. आम्ही चहाच्या टपरीवर तिला शिव्या घालायचो. आणि मी स्वतः शनिवारी त्याच पद्धतीचा बिल्ला मिळवायला शाळेच्या हॉलमध्ये जात होतो.

दुसरी बाजूही आहे. नंबर नसेल तर चुरस नाही, आणि चुरस नसेल तर माझ्यासारख्यांची निम्मी मॉडेल्स डब्यातच राहतील. पद्मिनी पूर्ण झाली ती स्पर्धेची तारीख डोक्यावर होती म्हणूनच. खुल्या पद्धतीत परीक्षक भिडस्त असले की सुवर्णपदकं पेढ्यांसारखी वाटली जातात, आणि मग त्यांना काही किंमत राहत नाही. हे सगळं खरं. म्हणून माझी मागणी पदकापेक्षाही साधी आहे. प्रत्येक मॉडेलसोबत चार ओळींची चिठ्ठी द्या. काय जमलंय, काय चुकलंय. टॉर्च मारून तपासणारे परीक्षक आधी मूळ गोष्टीच बघतात. जोड दिसतोय का, गोंदाचा डाग आहे का, रंगाला संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा आलाय का, चारही चाकं टेबलाला टेकलीत का. त्यांनी हे बघितलेलं असतंच. मग सांगायला काय जातं?

परवा शनिवारी तो मित्र घरी आला. बायकोनेच परस्पर बोलावलं होतं. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, आणि मग तो उठून कपाटातली टॅक्सी घेऊन आला. टेबलावर ठेवली, खिशातून पेट्रोल पंपाची पावती काढली आणि मागच्या डाव्या चाकाखालून सरकवली.

पावती आरपार गेली.

"अरे, हे तुला कुणीच सांगितलं नाही?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. "मी त्याच दिवशी बघितलं होतं. सांगणार होतो, पण तुझा चेहरा बघितला आणि गप्प बसलो."

आठ महिने काम करून एक चाक हवेत! मला हसू यायला लागलं. त्याला वाटलं मी पुन्हा चिडलो, म्हणून तो घाईघाईने म्हणाला, "पण ते मीटरचं पातं तारेचं आहे ना? ठोकून चपटं केलंस? माझ्या स्कायलाइनमध्ये तसं एकही काम नाही."

खरं सांगतो, पहिल्या नंबराने मला एवढा आनंद झाला नसता. त्या पात्याला दोन रविवार लागले असणार, हे त्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणाला कळलंही नसेल. त्याला कळलं, कारण त्याने स्वतः तसे रविवार घालवलेत. दीड वर्ष मी नेमक्या त्याच माणसाशी बोलत नव्हतो.

असो. काल रविवारी मागचा आक्सा सोडवून पुन्हा बसवला. आता पावती जात नाही. पुढच्या स्पर्धेला दोघं मिळून जाणार आहोत, आणि आयोजकांना चिठ्ठ्यांचं सांगणार आहोत. ऐकलं नाही तर आम्हीच लिहून प्रत्येक गाडीशेजारी ठेवू.

आणि हो, यंदा त्याला हरवायचंच आहे.