सही करण्याआधी सातबारा दाखवा

वडिलांचं तेरावं उरकलं की तलाठ्याकडे वारसनोंद होते. सातबाऱ्यावर आईसह सगळ्या भावंडांची नावं लागतात. मग बहिणींना निरोप जातो: तालुक्याला ये, सही करायची आहे. दुय्यम निबंधकाकडे फोटो, अंगठा, सही होते. हक्कसोडपत्र नोंदलं जातं आणि पुढच्या फेरफाराने बहिणींची नावं निघून जातात. साडीचोळी होते. पण जमीन किती होती, कुठल्या गटातली, बागायत की जिरायत, हे अनेकींना सही करतानाही ठाऊक नसतं.

1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेच मृत्युपत्र न करता गेलेल्या वडिलांच्या मिळकतीत मुलीला मुलाच्या जोडीने वारस केलं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मापासूनचा हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट ठेवली नाही. त्या दुरुस्तीआधी वडील वारले असले, तरी मुलीचा हा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं.

हक्क सोडण्यात गैर काही नाही. भाऊ कोरडवाहू तुकड्यावर घर चालवत असेल, आईला सांभाळत असेल, तर राजीखुशीने हिस्सा सोडणारी बहीण मोठ्या मनाचीच. पण ‘हिस्सा मागितला तर माहेर तुटेल’ या धास्तीने केलेली सही राजीखुशीची कशी म्हणायची?

नोंदलेलं हक्कसोडपत्र रद्द करायचं तर दिवाणी दावा लावावा लागतो. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करण्याचं ओझं बहिणीवरच येतं. म्हणून बहिणींनो, आधी सातबारा, आठ-अ आणि फेरफाराचे उतारे मागा. कागद वाचून घ्या. घाई करणाऱ्याला थांबवा. सोडायचंच असेल, तर मोबदला ठरवून तो कागदात लिहून घेता येतो. आणि तुमचं नाव कुणी परस्पर कमी केलं असेल, तर घाबरू नका: फेरफार ही महसुली नोंद आहे, तेवढ्याने मालकी जात नाही.

भावांनो, निरोप धाडण्याआधी बहिणीला सगळे उतारे दाखवा आणि तिला काय हवं ते विचारा. तिने हिस्सा मागितला तर मोजून द्या, आणि दिवाळीला नेहमीसारखंच बोलवा.