नकाशातील मोकळी जागा

नंदुरबार जिल्ह्यातील प्रेक्षणीय स्थळे कोणती, असा प्रश्न शालेय स्पर्धेत विचारला तर आपले विद्यार्थी अडखळणार नाहीत. तोरणमाळचा यशवंत तलाव आणि सीताखाई, तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशा, शहादे तालुक्यातील उनपदेवचा गरम पाण्याचा झरा, दत्तजयंतीच्या यात्रेतील सारंगखेड्याचा घोडेबाजार, ही उत्तरे त्यांना तोंडपाठ असतात. मात्र त्याच विद्यार्थ्याला असे विचारून पाहावे की, बाबा रे, आज सायंकाळी आजीला, आईला आणि धाकट्या बहिणीला घेऊन तासभर बसावयाचे झाले तर तू कोठे जाशील? तो बहुधा घराच्या ओट्याकडे बोट दाखवील, नाहीतर रेल्वेच्या फलाटाकडे.

ज्या जिल्ह्यात कुपोषणाचा आणि हंगामी स्थलांतराचा प्रश्न अजून सुटलेला नाही, तेथे बागबगीच्याची चर्चा ही चैन नव्हे काय, असा आक्षेप येईल. आक्षेप प्रामाणिक आहे. पण त्याचा रोख चुकतो. ज्याच्याजवळ मोटार आहे त्याला बागेची निकड नाही. तो सात पायरीचा घाट चढून तोरणमाळला जातो, सुरतेला जातो, सापुताऱ्याला मुक्काम करून येतो. शहाद्याहून तोरणमाळ पन्नासएक किलोमीटर. चौघांच्या कुटुंबाने भाड्याच्या वाहनाने जाऊन यावयाचे म्हणजे कारकुनाच्या घरात तो वर्षाकाठचा एक बेत ठरतो. रोजच्या संध्याकाळीचे उत्तर तोरणमाळ देऊ शकत नाही. चैन टाळण्याच्या नावाखाली आपण ज्या घरांची सोय नाकारतो, ती घरे दोन खोल्यांची आहेत.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हे जिल्ह्याचे ठाणे झाले. कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागून बदलीची माणसे आली, आणि गावाभोवतीची शेते बिनशेती होऊन त्यांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १,११,०३७ भरली. जुन्या गावठाणात पार होता, देवळाचा सभामंडप होता, घरापुढे ओटा होता. माणसे एकमेकांना दिसत होती. नव्या वसाहतीत कुंपणाची भिंत आली आणि लोखंडी फाटक आले. पुरुषाला पानटपरी आहे, चहाचे दुकान आहे, चौक तर आहेच. स्त्रीने मात्र देवदर्शन किंवा बाजार यांपैकी एक निमित्त काढल्याशिवाय घराबाहेर बसावे कोठे? दंडपाणेश्वराच्या आवारात चतुर्थीला जी गर्दी लोटते, तीत भक्तीबरोबरच चार घटका मोकळे बसण्याची ओढही असते, असे म्हटल्यास गणपती रागावणार नाही. पारा चाळिशी ओलांडतो त्या एप्रिल-मे महिन्यांत, दिवसभर तापलेल्या स्लॅबखालून बाहेर पडणे ही तर निव्वळ शारीरिक गरज असते.

खेदाची गोष्ट अशी की, ही जागा नव्याने विकत घ्यावयाची नाही. ती कागदावर आहेच. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्राच्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा रहिवाशांच्या विरंगुळ्यासाठी मोकळी ठेवावी लागते. त्यापूर्वीच्या नियमांतही हे तत्त्व होतेच. म्हणजे चार एकरांच्या वसाहतीमागे सोळा गुंठे. खानदेशात तिला सर्रास ‘ओपन स्पेस’ म्हणतात. वेडी बाभूळ माजलेली, बांधकामाचा राडारोडा टाकलेली, कडेला कोणाची तरी ट्रॉली उभी असलेली जागा दिसली की ती ओपन स्पेस समजावी. कोठे शेजाऱ्याचे कुंपण दरवर्षी हातभर पुढे सरकते. कोठे सभागृह उभे राहते व लग्नाचे दिवस सोडता कुलपात राहते. कोठे मंदिर होते. देवाला जागा देण्यास कोणाची ना नाही, परंतु मुलांच्या वाट्याचे सोळा गुंठे देवानेही मागितले नसावेत. आणि कोठे निधी येतो, खुल्या व्यायामशाळेची यंत्रे बसतात, फलक लागतो. पुढे यंत्रांचे खिळे निखळतात आणि फलक तेवढा शाबूत राहतो.

उद्यानाच्या जागेवर अन्य काही, मग ते कितीही उपयुक्त का असेना, उभारता येते काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९९१ साली आला होता. बंगळूरच्या विकास प्राधिकरणाने बागेसाठी राखलेला भूखंड खाजगी रुग्णालयासाठी दिला. रहिवासी न्यायालयात गेले व जिंकले. रुग्णालयासारख्या कारणासाठीही बाग हिरावता येत नसेल, तर ट्रॉलीचे काय?

खर्चाचा बागुलबुवाही उभा करू नये. महायुद्धात पोळून निघालेल्या अ‍ॅम्स्टरडॅमने १९४७ पासून गल्लीबोळांतील रिकाम्या जागांवर मुलांची क्रीडांगणे करावयास घेतली. आल्डो व्हॅन आइक या वास्तुरचनाकाराने तीस वर्षांत अशी सातशेहून अधिक क्रीडांगणे आखली. काय होते त्यांत? वाळूचा हौद, लोखंडी कमानी, उड्या मारण्यास दगडाचे ठोकळे, बसण्यास बाक. कारंजे नव्हते, आगगाडी नव्हती. आपल्याकडे मात्र बाग म्हटली की प्रथम प्रवेशद्वाराची कमान आठवते.

आणखी एका वर्गाचा विचार या चर्चेत सहसा येत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून जिल्हा रुग्णालयात आलेल्या रुग्णाचे नातलग दिवसच्या दिवस झाडाखाली काढतात. काठीच्या होळीला रात्रभर नाचणारा समाज हा. सगळ्यांची मिळून एक मोकळी जागा असते, ही गोष्ट त्याला शिकवावी लागत नाही. शहरात आल्यावर त्याला सावली मात्र शोधावी लागते.

येथे शिक्षकांना व कचेऱ्यांतील मंडळींना एक सुचवावेसे वाटते. आपल्या वसाहतीच्या मंजूर ले-आउटची प्रत मागावी. सरळ न मिळाल्यास २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. तीत दाखवलेली मोकळी जागा प्रत्यक्ष जाऊन मोजावी. जेवढी उरली असेल तेवढीतील बाभूळ काढावी, चार कडूनिंब लावावेत, एक नळ आणि दोन दिवे नगरपरिषदेकडे लेखी मागावेत. सभागृहाचा प्रस्ताव आला तर तूर्त नको म्हणावे. आणि ज्या शाळांना मैदान आहे त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत सायंकाळी दोन तास फाटक उघडे ठेवण्याचा विचार करावा. खड्डे मे महिन्यातच खणून ठेवावे लागतात. जूनच्या पहिल्या पावसानंतर रोप लावले तर पहिले वर्ष टँकरच्या पाण्यावाचून निभण्याची आशा असते.