पेशीतला भंगारखाना

घरात चोर शिरला तर त्याला पकडून पोलिसांच्या हवाली करावे, एवढेच शहाणपण आपल्याला ठाऊक. आपल्या शरीरातली पेशी याच्या पुढे जाते. ती चोराच्या चिंधड्या करते आणि त्या खिडकीत टांगून ठेवते!

त्याचे असे होते. विषाणू पेशीत शिरला की तिच्याच सामग्रीतून आपली प्रथिने बनवून घेऊ लागतो. त्यांतली जी हाती लागतील त्यांच्यावर पेशी युबिक्विटिन नावाच्या चिमुकल्या प्रथिनाच्या चिठ्ठ्या डकवते. घरच्या निकामी प्रथिनांनाही हीच चिठ्ठी. चिठ्ठ्यांची माळ लागली की माल प्रोटिअसोमकडे रवाना! हे प्रोटिअसोम म्हणजे एक पोकळ नळकांडे. त्याची पाती आतल्या बाजूला आणि तोंड इतके अरुंद, की प्रथिन उलगडून धाग्यासारखे ओढल्याशिवाय आत जात नाही. विळी उघडी टाकणाऱ्या आमच्या घराने यावरून काही शिकावे! चिठ्ठ्यांचे हे गुपित उलगडल्याबद्दल चिकानोव्हर, हर्श्को आणि रोझ या तिघांना २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या भंगारातले आठ-दहा अमिनो आम्लांचे काही तुकडे पेशी आपल्या पृष्ठभागावर मांडते. गस्त घालणाऱ्या टी-पेशी ते चाचपून पाहतात, आणि तुकडा परका निघाला तर ती अख्खी पेशीच मारून टाकतात. एक घर जाते, पण आळी वाचते.

पण विषाणूही काही कमी नाहीत. एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूच्या घातक जातींचे ई-६ हे प्रथिन पेशीच्याच चिठ्ठी डकवणाऱ्याला फितवते आणि पी-५३ या पहारेकऱ्यावर चिठ्ठी लावून घेते. बिघडलेल्या पेशीची वाढ रोखणारा हा पहारेकरी. तोच भंगारात जातो! पुढे कित्येक वर्षांनी गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो, त्यामागे ही फितुरी असते. त्यांतल्या सुमारे ७० टक्के कॅन्सरांना या विषाणूच्या १६ आणि १८ क्रमांकाच्या दोनच जाती कारणीभूत आहेत.

यावर लस आहे. “काय हो भावोजी, पोरगी जेमतेम बारा वर्षांची, आताच घाई कशाला?” असे वहिनींनी मला विचारले. मी म्हटले, “वहिनी, जागतिक आरोग्य संघटना ९ ते १४ हेच वय सांगते. ही लस विषाणूला उंबरठ्यावर अडवते. आत ठाण मांडून बसलेल्याला हुसकणे तिला जमत नाही.”

वहिनींनी डॉक्टरांकडून सोमवारची वेळ घेतली आहे.